करदाता, आरोपी, कारभारी

मूल शाळेत घातले की पालकाचे अर्धे कर्तव्य संपले आणि उरलेले अर्धे फी भरली की संपते, अशी समजूत आपल्या पांढरपेशा घरांत फार दिवसांपासून रूढ आहे. आणि शाळा म्हणजे सरकारी वास्तू, तिची पायरी चढायची ती गुरुजींचे बोलावणे आले तरच, अशी तितकीच जुनी समजूत कष्टकऱ्यांच्या घरांत आहे. या दोन समजुती वरवर पाहता परस्परांहून अगदी भिन्न वाटल्या, तरी दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो, आणि तो असा की, शाळेचा कारभार हा पालकाचा विषयच नव्हे. वस्तुतः आज महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या हरएक प्राथमिक शाळेचा कारभार पाहण्यासाठी कायद्याने जी समिती नेमली आहे, तिच्यात दर चार सभासदांमागे किमान तीन सभासद पालक असावे लागतात. परंतु ज्यांच्या मुलांची नावे त्या शाळांच्या पटावर आहेत, त्यांतील कित्येकांना या समितीची गंधवार्ताही नसते. कायद्याने मांडून दिलेली बैठक अशी रिकामी का राहिली, हे उमगायचे असेल, तर गेल्या दीडशे वर्षांत शाळेच्या दारात पालकाला कोणकोणत्या नात्याने उभे राहावे लागले, हे प्रथम पाहिले पाहिजे.

इंग्रजी अंमल स्थिरावण्यापूर्वी आपल्याकडे ज्या गावठी शाळा चालत, त्या कोणा सधन गृहस्थाच्या ओसरीवर, देवळाच्या पडवीत किंवा खुद्द पंतोजींच्या घरी भरत. पंतोजींना सरकारी खजिन्यातून वेतन मिळत नसे. मुलांच्या घरून येणारा शिधा, सणावाराची दक्षिणा आणि थोडीफार रोकड यांवर त्यांचा चरितार्थ चाले. मोडी अक्षराला वळण लागले की नाही, पाढे आणि पावकी-निमकी तोंडपाठ झाली की नाही, याची परीक्षा घेणारा कोणी निरीक्षक नव्हता. परंतु मुलाला बाजाराचा हिशेब जमेना असे दिसले, की बापाला शिधा आखडता घेता येई, आणि तेवढ्यापुरता शाळेवर त्याचा वचक असे. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरात शिध्याला धान्य नव्हते किंवा ज्यांच्या जातीला त्या ओसरीवर चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांना, आणि जवळजवळ सर्वच जातींतील मुलींना, ती शाळा बंद होती. पालकाचा वचक होता खरा, परंतु तो मूठभर पालकांचा होता.

पुढे सरकारी शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तके आली, तपासणीस आले, आणि शाळेचे उत्तरदायित्व गावाकडून निघून खात्याकडे गेले. पैसा मात्र गावाचाच राहिला. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली आणि तिचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजे ज्या कुणब्याचे मूल शाळेत जात नव्हते, तोही महसुलाबरोबर शाळेची पट्टी भरत होता. ती कोठे खर्च झाली, हे विचारण्याची सोय मात्र त्याला नव्हती. पालक हा शाळेच्या संबंधात प्रथम उभा राहिला, तो असा मुका करदाता म्हणून.

या अन्यायाला सर्वांत स्पष्ट वाचा फोडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला बजावले की, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो; यास्तव प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. परंतु जोतीरावांच्या त्या निवेदनातील सक्तीची मागणी जितकी उद्धृत केली जाते, तितकी तिच्या जोडीची दुसरी सूचना केली जात नाही. गुरे राखण्यासाठी आणि शेतावर राबण्यासाठी ज्या घरांना मुलांचे हात लागतात, त्या घरांना शाळेकडे ओढून घ्यायचे असेल तर शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे ठेवावीत, असेही त्यांनी त्यातच सुचविले होते. पालक मुलाला शाळेत धाडीत नाही तो शिक्षणाच्या तिटकाऱ्यामुळे नव्हे, तर संसाराच्या ओढाताणीमुळे, हे निदान त्या सूचनेत अभिप्रेत आहे; आणि पुढील शंभर वर्षांत जेथे जेथे हे निदान विसरले गेले, तेथे तेथे शाळा आणि घर यांच्यातील दरी रुंदावत गेली.

सक्तीच्या शिक्षणाची चळवळ जसजशी मूळ धरू लागली, तसतसा मुका करदाता आता आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड ही त्या योजनेची एक प्रमुख कळ होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकातही कसूर करणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. ते विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकावर दरमहा एक रुपया दंड बसविला. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, झालेल्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानेही हजेरीचा हुकूम मोडणाऱ्या पालकाला शिक्षेस पात्र ठरविले.

या दंडाची आज सरसकट निंदा करणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या राजर्षींनी तो बसविला, त्यांनीच फी माफ केली आणि नाना जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली. त्यांच्या धोरणात दंड हा एक लहानसा भाग होता, त्यामागे राजाने आपल्या डोक्यावर घेतलेला फार मोठा भार होता. तथापि जेथे असा भार कोणी उचलला नाही आणि दंड तेवढा उरला, तेथे पालकाच्या मनात शाळेची जी प्रतिमा ठसली, ती चावडीच्या प्रतिमेहून फारशी निराळी नव्हती. दोन्हीकडून बोलावणे आले की काहीतरी चुकले आहे, असेच त्याने धरून चालावे, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आला. शाळेतून निरोप आला की अजूनही कित्येक घरांत पहिला प्रश्न निघतो तो "पोराने काय केले?" हाच.

याच कालखंडात महाराष्ट्रात एक दुसरा प्रवाहही वाहत होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारे वसतिगृह काढले. त्यांनी शेतकऱ्याला दंड केला नाही. त्याच्या सुगीतला वाटा मागितला. ज्याच्या खळ्यावरचे धान्य वसतिगृहाच्या कोठीत गेले, त्याला ते वसतिगृह परके वाटेनासे झाले. सातारा जिल्ह्यात आणि पुढे त्याबाहेरही रयतेच्या शाळांचे जाळे पसरले, त्यामागे संस्थेचे कार्यकर्ते तर होतेच, परंतु आपल्या धान्यावर आणि श्रमावर शाळा उभी आहे हे जाणणारी गावेही होती. करदाता आणि दाता दोघेही खिशात हात घालतात, परंतु एकाचा पैसा वसूल होतो आणि दुसऱ्याच्या पैशामागे त्याचे मनही जाते.

ताराबाई मोडक यांनी याच विचाराला आणखी एक पाऊल पुढे नेले. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांत मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा उलटा मार्ग त्यांनी स्वीकारला. पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी त्यातून निघाली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळाही त्यातूनच निघाली. अंगणात शाळा भरली की आई दळण-कांडण करता करता ती पाहते, गाणे ऐकते, मुलाला अंघोळ घालून आणायचे ते का, हे तिला कोणी निराळे सांगावे लागत नाही. सभेचे निमंत्रण न धाडता, इतिवृत्ताची वही न उघडता, पालकसभा रोज भरत होती. अनुपस्थित मुलाबद्दल जोतीरावांनी जे निदान केले होते, त्यावरचा हा सर्वांत समर्पक उपचार होता असे म्हणण्यास हरकत नाही.

शिक्षक आणि पालक यांनी रीतसर संघ स्थापून एकत्र यावे, ही कल्पना मात्र आपल्याकडे बरीचशी परदेशातून आली. अमेरिकेत १८९७ साली अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन स्त्रियांच्या पुढाकाराने वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातूनच पुढे तेथील पालक-शिक्षक संघांची देशव्यापी संघटना उदयास आली. परंतु तेथेही वर्णभेदाने फाळणी केलीच. सेलिना स्लोन बटलर यांना १९२६ साली कृष्णवर्णीय पालकांसाठी वेगळी राष्ट्रीय संघटना स्थापावी लागली, आणि या दोन संघटना एक व्हायला १९७० साल उजाडले. पालक एकत्र आले की ते सर्वांच्या वतीने बोलतात असे गृहीत धरून चालत नाही; कोणते पालक एकत्र आले, हे आधी पाहावे लागते.

आपल्या देशात कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळा आणि समाज यांनी एकमेकांच्या निकट यावे असा आग्रह धरला, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विकेंद्रीकरणाची भाषा आणली, आणि त्यानंतरच्या काळात गावोगाव ग्राम शिक्षण समित्या स्थापन झाल्या. परंतु खरे वळण आले ते १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने. या २००९ च्या कायद्यातील दहावे कलम मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य सांगते, परंतु कर्तव्यच्युत पालकाला दंड सांगत नाही. सक्ती आहे ती शासनावर, मूल शाळेत येईल, टिकेल आणि शिकेल हे पाहण्याची. बडोद्याच्या प्रयोगापासून शंभराहून अधिक वर्षे पिंजऱ्यात उभा असलेला पालक या एका कलमाने तेथून खाली उतरला.

आणि एकविसाव्या कलमाने त्याला खुर्ची दिली. शासकीय, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी; तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत; वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे; आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ते कलम सांगते. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक मंडळी बसतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापकांनी सचिव म्हणून काम पाहायचे, सभा दरमहा भरवायची आणि समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना करायची, अशी व्यवस्था नियमांनी घालून दिली आहे. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे, आणि बाविसाव्या कलमानुसार शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची मुख्य कामे होत. पुढील तीन वर्षांत इयत्तावार मुले किती असतील, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृहे यांत काय उणे आहे आणि त्याला पैसा किती लागेल, याचा हा आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी वरिष्ठांकडे जावा लागतो. अल्पसंख्याकांच्या आणि इतर सर्व अनुदानित शाळांत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, या समितीचे काम सल्ल्यापुरते आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना तर हे कलम लागूच नाही.

खासगी शाळांतील पालकाला महाराष्ट्रात दुसऱ्या दाराने प्रवेश मिळाला आहे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याने प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आवश्यक ठरविला, आणि त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक मुख्याध्यापकांच्या मर्जीने न निवडता इच्छुकांमधून सोडत काढून निवडावेत, अशी तरतूद केली. व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव या समितीपुढे मांडायचा, आणि मतभेद मिटला नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियंत्रण समितीकडे जायचे. तरतूद चांगली आहे. परंतु तिचा जन्मच फीच्या तंट्यातून झाल्यामुळे या संघांची बरीच शक्ती फीवरच खर्च होते, आणि पालकाला आणखी एक नवी भूमिका चिकटली आहे, ती ग्राहकाची. ग्राहक भरलेल्या दामाचा मोबदला मोजून घेतो. शेजारच्या बाकावर पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेले मूल वर्गात कसे रुळले आहे, हा प्रश्न त्याच्या हिशेबात येत नाही.

कायद्याचे शब्द आणि गावातला व्यवहार यांची गाठ घालून पाहिली, तर चित्र काहीसे निराळे दिसते. सभा ठरते ती कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. त्या वेळी खुरपणीला गेलेली बाई सभेला आली तर तिची मजुरी बुडते. विषयपत्रिका मुख्याध्यापक लिहितात, इतिवृत्तही तेच लिहितात, सादीलचा खर्च कोठे पडला हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ज्याच्या अध्यक्षतेखाली हे सारे घडते असे वहीत म्हटलेले असते, तो अध्यक्ष कधीकाळी त्याच शाळेतून चौथीत गळालेला असतो. मग ठराव सर्वानुमते मंजूर होतात आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. यात मुख्याध्यापकांचाच सारा दोष आहे असेही नाही. ज्या दोनशिक्षकी शाळेत एकाच माणसाला दोन वर्ग शिकवायचे, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा आणि वरून आलेली प्रत्येक माहिती दुपारपर्यंत भरून द्यायची असते, तेथे सभाही एक भरून द्यायचे प्रपत्र होऊन बसते.

त्याहून खोल असे आणखी एक कारण आहे. ज्यांना अधिकाऱ्यापुढे बोलण्याची सवय आहे, ज्यांचा शब्द तालुक्याला पोचतो, अशा घरांतली मुले गेल्या दोन-तीन दशकांत सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली. गावच्या शाळेत मागे राहिली ती बहुधा अल्पभूधारकांची, मजुरांची, भटक्या-विमुक्तांची आणि आदिवासींची मुले. म्हणजे कायद्याने पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या तेव्हाच, ज्या पालकांना सभेत बसून कारभार चालविण्याचा पूर्वानुभव होता, ते पालक तेथून उठून गेले होते. जे उरले, त्यांच्यावर चावडीच्या धाकाचे ओझे सर्वांत अधिक होते. शाळेच्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसणाऱ्या या माणसांना नुसती खुर्ची पुरत नाही.

नुसती माहितीही पुरत नाही, याचा एक बोलका दाखला उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातून मिळतो. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आदी अभ्यासकांनी, १९९५ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या सहकार्याने, तेथील २८० खेड्यांत एक अभ्यास केला. त्याचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रारंभीच्या पाहणीत आढळले की बहुसंख्य पालकांना आपल्या गावी शिक्षण समिती आहे हेच माहीत नाही, आणि समितीच्या काही सभासदांनाही आपण सभासद आहोत याचा पत्ता नाही. मग काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगण्यात आले. काही गावांत याशिवाय मुलांना वाचता येते की नाही हे गावकऱ्यांनीच तपासून पाहावे, असे साधन त्यांच्या हाती देण्यात आले. आणि आणखी काही गावांत तरुण स्वयंसेवकांना मुलांचे वाचनवर्ग चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. पहिल्या दोन उपायांनी समित्या जाग्या झाल्या नाहीत, शिक्षकांच्या कामातही फरक पडला नाही. तिसऱ्या उपायाने मात्र वाचनवर्गांना आलेल्या मुलांची वाचनात निश्चित प्रगती झाली. अधिकार सांगितल्याने जे लोक हलले नाहीत, त्यांच्यातूनच एक नेमके, रोजचे, डोळ्यांना फळ दिसणारे काम समोर येताच स्वयंसेवक उभे राहिले.

या दाखल्यावरून समित्या मोडीत काढाव्यात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. समितीच्या हाती नेमके काम आले की ती जिवंत होते, हा निष्कर्ष अधिक सयुक्तिक आहे, आणि त्याला महाराष्ट्रातच आधार सापडतो. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि त्या कोयत्याबरोबर मुलेही फडावर जाऊन कोपीत राहतात. मार्च-एप्रिलपर्यंत शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ उरते. अशा मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी जी हंगामी वसतिगृहे निघाली, ती चालविण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. कोणती मुले आजी-आजोबांकडे राहू शकतील, कोणाकडे कोणीच नाही, दोन वेळच्या जेवणाचा स्वयंपाक कोण करील, किराणा कोठून येईल आणि त्याच्या पावत्या कोण ठेवील, हे प्रश्न कोणत्याही प्रपत्रातून सुटत नाहीत. ते गावाला गाव ओळखणारी माणसेच सोडवितात. येथे समितीतील निरक्षर बाईचे ज्ञान गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ज्ञानाहून अधिक उपयोगी पडते, कारण कोणत्या घरातली मुलगी यंदा धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून फडावर नेली जाणार, हे तिला टोळी निघण्यापूर्वीच कळलेले असते.

शालेय पोषण आहाराचेही तसेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, धाकट्याला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, थोरल्याला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, हे त्याचे प्रमाण. डाळ पातळ झाली, तांदळाला वास आला, भाजी कागदावरच राहिली, हे ओळखायला पदवी लागत नाही. रोज चूल पेटविणाऱ्या बाईला ते झाकण उघडताच कळते. आया पाळीपाळीने दुपारी शाळेत येऊन जेवण चाखू लागल्या, की कंत्राटदाराला जाग येते. मेळघाटात, नंदुरबारात किंवा गडचिरोलीत मुलाची घरची बोली कोरकू, भिली किंवा गोंडी असते आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला तिचा गंध नसतो. तेथे पहिलीच्या वर्गात बसून आपल्या बोलीतली गोष्ट सांगणारी आजी शाळेला जे देते, ते कोणत्याही अनुदानातून विकत मिळत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' या नावाने जे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले, त्यात वस्तीवस्तीवर मातांचे गट करून पहिलीत जाणाऱ्या मुलांकडून घरीच लहानसहान कृती करून घेण्याची योजना होती. तिचेही मर्म हेच की, आईला प्रेक्षक न ठेवता तिच्या हाती काम द्यावे.

सहभागाच्या नावाखाली दोन गोष्टी मात्र टाळल्या पाहिजेत. पहिली म्हणजे त्याला केवळ वर्गणीचे रूप देणे. लोकवर्गणीतून शाळेच्या भिंती रंगतात, संगणक येतात, हे स्तुत्य आहे. कर्मवीरांच्या परंपरेला ते साजेसेही आहे. परंतु शासनाने द्यावयाच्या गोष्टी गावाने वर्गणी काढून आणाव्यात अशी अपेक्षा रूढ झाली, तर सधन गावाची शाळा सजते आणि निर्धन गावाची ओस पडते. शिवाय पाचशे रुपये देणाऱ्याचा शब्द पन्नास देणाऱ्याच्या शब्दाहून जड होतो. दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षकाच्या विद्येत ढवळाढवळ. अपूर्णांक कसे शिकवावेत हा शिक्षकाचा प्रांत आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री अकराला गृहपाठाचे जाब विचारणारा पालक सहभागी नव्हे, उपद्रवी होय. चौथीच्या वर्गातील सगळ्या मुलांना वाचता येते का, येत नसेल तर त्यासाठी शाळा काय करणार आहे आणि त्यात आम्ही काय करावे, हे विचारणे हा मात्र पालकाचा पुरेपूर अधिकार आहे. शिक्षक आणि पालक यांच्यातील सीमारेषा साधारणपणे येथून जाते, आणि दोघांनीही ती पाळली तर भांडणाला फारसे कारण उरत नाही.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. करदाता, आरोपी, ग्राहक या तिन्ही भूमिकांत पालक एकटा असतो. त्याचा पैसा, त्याचा गुन्हा, त्याचे मूल. कारभारी ही एकच भूमिका अशी आहे की, जिच्यात त्याला दुसऱ्यांच्या मुलांचाही विचार करावा लागतो, आणि म्हणूनच ती सर्वांत अवघड आहे. आपल्या मुलाचे गुण विचारायला शाळेत जाणारे पालक पुष्कळ आहेत, आणि ते जातात हे योग्यच आहे. परंतु शाळेची खरी प्रकृती कळते ती, गणपतीनंतर अमक्या घरची मुलगी वर्गात का दिसत नाही, असे तिच्याशी नात्याचा संबंध नसलेल्या पालकाने विचारले म्हणजे. हा प्रश्न समितीच्या सभेत एकदा विचारला गेला, त्याची नोंद इतिवृत्तात झाली आणि पुढल्या महिन्यात त्याचे उत्तर मागितले गेले, तर कायद्यातले एकविसावे कलम त्या गावापुरते अंमलात आले असे खुशाल समजावे. यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. आपल्या शाळेची समिती कोणती, तिचे सभासद कोण, यंदाच्या आराखड्यात काय मागितले आणि मागच्या आराखड्यातले काय मिळाले, एवढे विचारून घ्यावे. सभेची वेळ मजुरी बुडणार नाही अशी ठेवावी, असा पहिलाच ठराव मांडावा. आणि समितीची पुनर्रचना होईल त्या दिवशी घरी न बसता, जो केवळ स्वतःच्या मुलासाठी येत नाही अशा पालकाला निवडून द्यावे.